‘बनगरवाडी’ मनातून का जात नाही

आवडत्या कादंबऱ्यांचा विषय निघाला की इंदूरच्या मराठी घरांत ‘स्वामी’, ‘ययाति’ आणि ‘मृत्युंजय’ ही नावे हमखास येतात, आणि ती यावीत यात नवल नाही. रणजित देसाईंच्या माधवरावांसाठी आणि शिवाजी सावंतांच्या कर्णासाठी मीही डोळ्यांत पाणी आणले आहे. परंतु वर्षे गेली तशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या पुस्तकांपैकी मला आता प्रामुख्याने आठवते ते तेव्हा झालेले भारावलेपण, तर जी कादंबरी कामे करताना, प्रवासात, पावसाने ओढ दिली की आपोआप समोर येते ती आहे व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’.

१९५५ साली प्रसिद्ध झालेल्या या छोटेखानी कादंबरीचे कथानक चार वाक्यांत सांगून होते. औंध संस्थानातल्या माणदेशी धनगरांच्या वाडीत एक तरुण मास्तर येतो. मेंढरांमागे जाणारी मुले तो हळूहळू शाळेत आणतो आणि गावाच्या श्रमांतून एक तालीम उभी करतो. पुढे दुष्काळ पडतो, माणसे मेंढरे घेऊन निघून जातात आणि वाडी ओस पडते.

इंदूरच्या वाचकाला या वाडीत शिरण्याची एक वेगळी वाट आहे. आमच्या शहरावर राज्य करणारे होळकर मूळचे धनगर. सात मजली राजवाड्यासमोरून येता-जाता आम्ही मल्हाररावांच्या पराक्रमाच्या आणि अहिल्याबाईंच्या न्यायाच्या कथा ऐकत मोठे झालो. पण मेंढरांमागे चालणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो आणि पाऊस आला नाही तर त्याच्यापुढे घर सोडण्याखेरीज काय उरते, हे मला या कादंबरीपूर्वी कोणीही दाखवले नव्हते. आणखी एक धागा सांगावासा वाटतो. कादंबरीत तालमीच्या उद्घाटनाला संस्थानचे राजेसाहेब येतात. ज्यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला ते औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी १९३५ साली इंदूरला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. हे कळल्यापासून ती वाडी मला नकाशावर फार दूरची वाटत नाही.

अर्थात जवळीक वाटल्याने पुस्तक मनात राहतेच असे नाही. ‘बनगरवाडी’ राहते, कारण माडगूळकर वाचकाच्या वाटणीचे दुःख स्वतः करून टाकत नाहीत. पेरणीचे दिवस आलेले असतात, वाडीतल्या शेकूजवळ एकच बैल असतो, आणि दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको जू आपल्या खांद्यावर घेते. दुसऱ्या एखाद्या लेखकाने येथे दारिद्र्यावर किंवा स्त्रीच्या सोशिकतेवर पानभर लिहिले असते, आणि ते वाचून आपण हळहळून पुढे गेलो असतो. माडगूळकर जे दिसले ते सांगतात आणि थांबतात, त्यामुळे त्या दृश्याचे काय करायचे हे आपल्यालाच ठरवावे लागते, आणि मला ते अजून ठरवता आलेले नाही.

वाडीच्या कारभाऱ्याचेही तसेच. आरंभी मास्तराच्या पाठीशी उभा राहणारा हा म्हातारा आपल्या मुलीच्या, अंजीच्या निमित्ताने संशय घेतो आणि मास्तरापासून तुटतो. कॉलेजात असताना मी संपूर्णपणे मास्तराच्या बाजूची होते, कारण तो निर्दोष आहे हे वाचकाला ठाऊक असते. पुढे मात्र परक्या तरुणाला आपल्या वाडीत जागा देणाऱ्या, आणि घरात मुलगी असलेल्या म्हाताऱ्याची भीती मला समजू लागली. पुस्तकातले एक अक्षरही बदललेले नव्हते. लेखकाने कोणालाही दोषी ठरवलेले नसल्यामुळेच माझी बाजू बदलायला त्यात जागा होती.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ वाचताना मला हेच पुन्हा जाणवते. १९३९ सालची ही कादंबरी बोटीवर घडते. प्रेमभंगाने कडवट झालेला चक्रधर युरोपातून मायदेशी निघालेला आहे, हॅर्टा ही ज्यू तरुणी जर्मनीतून परागंदा झालेली आहे. मुंबईला तो उतरतो आणि तिला त्याच बोटीने पूर्वेकडे पुढे जावे लागते. त्याने आणखी काही करायला हवे होते का, की त्याला काही करता येण्यासारखेच नव्हते, यावर आमच्याकडे वाचणाऱ्यांत नेहमी मतभेद होतात. कादंबरी त्याचा निवाडा देत नाही. हॅर्टाचा शेवट वाचल्यावर चक्रधरबद्दल मला जो राग येतो, तो काही दिवसांनी स्वतःच्या सुरक्षित घराकडे वळतो. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तील, नायकाची धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूच्या भागाबद्दलही असेच लिहिता येईल, पण त्या नायकाशी, पांडुरंग सांगवीकरशी माझे नाते इतके सरळ नाही, त्यासाठी स्वतंत्र लेख हवा.

याचा अर्थ भारावून टाकणाऱ्या कादंबऱ्या कमी प्रतीच्या आहेत असा मुळीच नाही. इंदूरमध्ये हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या आणि मराठी केवळ घरात ऐकणाऱ्या मुलांच्या हाती मी अजूनही आधी ‘मृत्युंजय’च देते. तिची संस्कृतप्रचुर भाषा हिंदी वाचणाऱ्याला अनोळखी वाटत नाही, आणि कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण व कृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून येणारी कथा मुलांना जाड पुस्तकाच्या अखेरपर्यंत घेऊन जाते. ‘बनगरवाडी’ला मात्र सोबत लागते. तिच्यातली माणदेशी बोली आमच्या माळव्यातल्या मराठीला नवखी आहे. मलाही आत्याने पहिली काही पाने मोठ्याने वाचून दाखवली तेव्हाच माणसे कोणत्या सुरात बोलतात ते कळले. म्हणून ज्या घरात कोणी मोठे माणूस वाचून दाखवायला तयार असेल तेथे मी ही कादंबरी सुचवते, आणि रोज थोडी थोडी वाचा असे सांगते.