खोगीरभरती

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी घोड्यांची खोगिरं बनवतो, त्यांचे फोटो बघून जवळजवळ प्रत्येकजण हेच विचारतो, दादा ही नक्षी करायला किती दिवस लागतात, मी म्हणतो नक्षीला सहा-सात, अख्ख्या खोगिराला महिना-सव्वा महिना, की लगेच पुढचं, मग बाकीचे दिवस काय करता?

आमचे आजोबा मोटा शिवायचे. मोट गळली की मळा वाळला, त्यामुळे घट्ट टाका म्हणजे काय ते घरातच बघितलेलं. विजेचे पंप आले, मोटा गेल्या, वडील चपलांकडे वळले आणि मी घोड्यांकडे. टाका मात्र तोच. एक दोरा मेणात ओढलेला, दोन टोकांना दोन सुया, आरीनं पाडलेल्या एकाच भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. मशीनचा टाका तुटला की शेजारचे उसवत जातात, हाताच्या शिलाईत एका बाजूचा दोरा झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धरून ठेवतो. तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा, जिथे अडकतो तिथे मी मशीन लावतच नाही, तिथला टाका गेला तर माणूस खोगिरासकट खाली येतो.

नक्षीला बाभूळ-हिरड्यात कमावलेलं चामडंच लागतं, क्रोमनं कमावलेल्या मऊ चामड्यावर ठसा टिकत नाही. ओलं करायचं आणि थांबायचं. रंग परत फिका होत आला पण गालाला लावलं की गार लागतंय, ती वेळ. मग फिरत्या सुरीनं रेघ कापायची, रेघेच्या एका बाजूचं चामडं ठशानं ठोकून खाली बसवायचं, की पाकळी उठून दिसते. अमेरिकेत वायोमिंगमध्ये शेरिडन नावाचं गाव आहे, तिथल्या डॉन किंग या कारागिरानं जंगली गुलाबाची, गोल गोल फिरणारी दाट वेल रूढ केली. जगभर ती शिकतात, मीही तीच शिकलो, फक्त गुलाबाच्या जागी सदाफुली घालतो. पाकळ्या पाचच, आणि ती आमच्या दारात आहे.

आता बाकीचे दिवस. खोगीरभरती हा शब्द आपण फालतू भरण्यासाठी वापरतो ना, मला तो तसा वापरलेला ऐकवत नाही. खोगिराच्या खाली दोन गाद्या असतात, मधे पन्हळ, म्हणजे पाठीच्या कण्यावर वजन येत नाही. घोड्याच्या बरगड्यांच्या 18 जोड्या, शेवटच्या बरगडीच्या मागे भार जाता कामा नये. त्या गाद्यांत लोकर भरायची, चिमूटचिमूट, गाठ न होऊ देता, आणि प्रत्येक घोड्याची पाठ वेगळी, डावा-उजवा खांदासुद्धा सारखा नसतो.

माझं दुसरं की तिसरं खोगीर असेल. गिऱ्हाइकाला दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी मिरवायची होती, मी नक्षीत जीव ओतला आणि भरती दोन दिवसांत उरकली. पुढच्या वर्षी त्याच यात्रेत तापीकाठी ती घोडी दिसली. तांबडी घोडी, आणि मानेमागच्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे दोन डाग. एका जागी दाब बसला, जखम झाली, की तिथे पुढे पांढरेच केस येतात, ते जन्मभर जात नाहीत. मालक चांगला माणूस, म्हणाला तुमच्या फुलांवर लोक अजून हात फिरवून बघतात. मी घोडीच्या पाठीवर हात ठेवायला गेलो तर तिनं पाठ खाली घेतली आणि बाजूला सरकली.

तेव्हापासून आधी घोडा बघतो. पाठीचं माप घेतो, भरती करतो, नुसतं साधं खोगीर घालून अर्धा तास रपेट करायला लावतो, मग उतरवून घाम बघतो. सगळीकडे ओलं आणि मधेच एक कोरडा ठिपका दिसला की तिथे दाब आहे असं समजतो, गादी उसवतो, लोकर काढतो, परत भरतो. कधी तीनदा, कधी सहा वेळा. त्यात दिवस जातात. लोकर दबते म्हणून चार-सहा महिन्यांनी परत आणायला सांगतो, त्याचे पैसे घेत नाही.

नक्षी सगळ्यात शेवटी, आणि तोवर घोड्यानं हरकत घेतलेली नसेल तरच.