एक पुस्तक विणकामाचं, एक सशाचं

काकू आमच्या वाचनालयाच्या जुन्या सभासद. एरवी कादंबरी बदलून नेतात, फार तर एखादा दिवाळी अंक. त्या डिसेंबरात मात्र नातवाला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मला विणकामाचं चांगलं पुस्तक दे, आणि ह्याला सशाचं."

आमच्या वर्गीकरणात विणकाम ७४६ला आणि ससे ६३६ला, म्हणजे एक कपाट माडीवर, दुसरं खाली जिन्याशेजारी. आधी माडी गाठली.

लेक स्कॉटलंडमध्ये, ॲबर्डीनला, फेब्रुवारीत बाळंत होणार. बाळंतविडा इथून जायचा होता, पण लेकीला स्वेटर फेअर आयल नक्षीचाच हवा होता. फेअर आयल हे स्कॉटलंडच्याच ऑर्कनी आणि शेटलंड ह्या द्वीपसमूहांच्या मधलं चिमुकलं बेट. तिथल्या नक्षीत रंग पुष्कळ दिसतात, तरी एका ओळीत सहसा दोनच धागे चालतात. नको असलेला रंग मागून ओढत न्यायचा. ह्या नक्षीवर ॲलिस स्टारमोर यांचं १९८८चं पुस्तक माझ्या मते सगळ्यात सरस. इतिहासाची आवड असेल तर रिचर्ड रट यांचं १९८७चं. हे गृहस्थ तेव्हा लेस्टरचे बिशप होते आणि स्वतः विणणारे!

पण तान्ह्या बाळासाठी मी दोन्ही सुचवली नाहीत. मागे सुटलेल्या धाग्यांत बाळाची बोटं अडकतात. "नक्षी कुंचीच्या काठापुरती घ्या आणि आतून मऊ अस्तर लावा," म्हटलं, आणि मेरी थॉमस यांचं १९३८चं 'निटिंग बुक' हातात दिलं. टाके घालण्यापासून बंद करण्यापर्यंत सगळं त्यात आहे. शिवाय त्यातले सुयांचे नंबर ब्रिटिश पद्धतीचे, आपल्या बाजारातल्यासारखे. आपली १० नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची, अमेरिकन १० नंबरची सहाची. ते न बघता विणलं तर बाळाचं टोपडं मामाला बसेल.

नातू तोवर गप्प उभा होता. जिना उतरताना सहज विचारलं, "काय खातो रे तुझा ससा?"

"काल रात्रीपासून काहीच नाही."

"आणि लेंड्या?"

"त्याही नाहीत. कोपऱ्यात बसून दात करकरवतोय. पुस्तकात औषध असेल ना, मावशी?"

माझ्या बहिणीकडे ससे आहेत, त्यामुळे पोटात गोळाच आला. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं आणि त्याला उलटीही करता येत नाही. बारा तास खाणं नाही, लेंडी नाही, म्हणजे उद्यापर्यंत थांबायचं नाही. आमच्या कपाटात होतं ते पुस्तक व्यावसायिक पशुपालनाचं. त्याला हातही लावला नाही. सरळ फोन घेऊन बसले. कुत्री-मांजरंच बघणारे डॉक्टर नाही म्हणाले. शेवटी एक बाई "लगेच आणा" म्हणाल्या. काकू नातवाला घेऊन रिक्षात बसल्या. मेरी थॉमस काउंटरवरच राहिली.

संध्याकाळी फोन आला. एक्स-रेत अडथळा दिसला नव्हता. कातडीखाली सलाईन, वेदनाशामक, आणि भिजवलेल्या चाऱ्याची पातळ पेस्ट सिरिंजने थोडी थोडी. दुसऱ्या दिवशी लेंड्या झाल्या. काकूंनी ही बातमी, बारसं असल्यासारखी, वाचनालयात सगळ्यांना सांगितली.

मग मुलासाठी मारिनेल हॅरिमन यांचं 'हाऊस रॅबिट हँडबुक' सुचवलं. १९८५चं, घरात मोकळ्या वावरणाऱ्या सशाबद्दलचं. अशा अमेरिकन पुस्तकांत टिमोथी गवत असतं. त्याजागी ओटचं वाळलेलं गवत चालेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. हा मात्र त्याला आवडतं म्हणून रोज लसूणघास आणि गाजर घालत होता! मोठ्या सशाला लसूणघासातलं कॅल्शियम जास्त होतं, आणि गाजर गोडच, चवीपुरतं द्यायचं.

खरेदीच्या यादीत हॅरिमन घातलं तेव्हा समितीने विचारलं, "सशावर एक पुस्तक आहे ना आधीच?" मी ते आणून उघडून ठेवलं. पिंजऱ्यांची मापं, पिल्लांची वजनं, शेवटी मांसविक्रीचा हिशेब. मंजुरी मिळाली.