रिबेटची लेट फी झाली तो रविवार

शनिवारी रात्री साडेदहाला जुनी सिस्टिम बंद केली तेव्हा माझ्या वहीत ४२ पायऱ्या लिहिलेल्या होत्या. त्यातली ३१वी होती, ‘जुने क्लायंट जोडून बघणे’. तिच्यापुढे मीच पेन्सिलीने ‘१० मि.’ असं लिहून ठेवलं होतं.

काम होतं टक्सीडोची आवृत्ती बदलण्याचं, ६.५ वरून ८.१ वर. ज्यांचा या नावाशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कारकून पडद्यावर ‘सेव्ह’ दाबतो आणि लांब कुठेतरी डेटाबेसमध्ये नोंद पडते, त्या दोहोंच्या मधलं हे सॉफ्टवेअर. आलेली विनंती कुठल्या सर्व्हरला द्यायची ते हे ठरवतं. एकाच व्यवहाराच्या नोंदी दोन डेटाबेसमध्ये करायच्या असतील, तर दोन्ही होतील नाहीतर एकही होणार नाही, याची जबाबदारीही याचीच. १९८३ मध्ये एटी अँड टीच्या बेल लॅब्जमध्ये याचं काम सुरू झालं. पुढे ते युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीज, नॉव्हेल, १९९६ मध्ये बीईए आणि २००८ मध्ये बीईएसकट ओरॅकल असं हात बदलत गेलं. एवढे मालक पाहूनही जुन्या आवृत्त्या वर्षानुवर्षं चालू राहतात, कारण ते सहसा पडत नाही. आणि जे पडत नाही त्याला हात लावायला कोणी पैसे मंजूर करत नाही.

आमच्याकडे सर्व्हर दोन युनिक्स मशीनवर होते आणि क्लायंट, म्हणजे कारकुनांच्या पडद्यावरचे प्रोग्रॅम, काही शे विंडोज डेस्कटॉपवर. सर्व्हर एका शनिवार-रविवारात बदलता येत होते. डेस्कटॉप बदलायला सहा महिने तरी लागणार होते. पण त्याची घाई नव्हती, कारण ८.१ चा सर्व्हर ६.५ च्या क्लायंटशी बोलतो असं कागदोपत्री स्वच्छ लिहिलेलं होतं. बैठकीत मी ते पान सगळ्यांना दाखवलं होतं. ‘सुसंगत’ या शब्दाखाली रेघही मारली होती.

रात्रीच्या पहिल्या ३० पायऱ्या वहीतल्याप्रमाणे पार पडल्या. अर्धवट राहिलेला एकही व्यवहार नाही हे बघून सगळं खाली आणलं. यूबीबीकॉन्फिग ही आपण लिहितो ती साधी मजकुराची फाइल. तिच्यावरून बनणारी बायनरी फाइल नव्या आवृत्तीत नव्याने बनवावी लागते, ती बनवली. व्यवहारांचा लॉग नवा केला. सगळे ॲप्लिकेशन सर्व्हर नव्या लायब्ररी लावून सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून, पुन्हा बांधले. या शेवटच्या वाक्यात दिवसभराचं दुखणं दडलेलं होतं, पण त्या रात्री मी त्यापुढे बरोबरची खूण करून पुढे गेले.

पहाटे तीनला ३१वी पायरी. जुना डेस्कटॉप चालू केला, नाव-पासवर्ड भरला, आणि क्लायंट आत येईना. दुसरा लावून बघितला, तोही नाही. नवा बांधलेला क्लायंट मात्र ताबडतोब आत जात होता.

हे कोडं पाऊण तासात सुटलं. आज हसू येतं, तेव्हा घाम फुटला होता. कॉन्फिगमध्ये प्रत्येक सर्व्हरच्या ओळीत ‘क्लॉप्ट’ म्हणून अवतरणात बंद केलेला पर्यायांचा पट्टा असतो. त्या पट्ट्यात मध्येच दोन आडव्या रेघा येतात. रेघांच्या अलीकडचे पर्याय टक्सीडोच्या कुठल्याही सर्व्हरला चालणारे, पलीकडचे त्या सर्व्हरचे खास स्वतःचे. ७.१ मध्ये सुरक्षेची व्यवस्था बदलली, त्यामुळे त्याआधीच्या आवृत्तीच्या क्लायंटना आत घ्यायचं असेल तर डेस्कटॉपच्या जोडण्या घेणाऱ्या वर्कस्टेशन लिसनरला ‘-टी’ लावून तसं बजावून सांगावं लागतं. आम्ही ‘-टी’ लावला होता, पण रेघांच्या पलीकडे. पलीकडेही एक ‘-टी’ आहे, तो वेगळा. क्लायंटची जोडणी पुरी व्हायला किती वाट बघायची ते तो सांगतो आणि त्याला पुढे एक आकडा लागतो. आमच्यापैकी कोणीतरी प्रामाणिकपणे तो आकडाही भरला होता. म्हणजे जुन्या क्लायंटना आम्ही दार उघडलं नव्हतं, दाराबाहेर किती वेळ थांबायचं तेवढं ठरवून दिलं होतं.

‘-टी’ अलीकडे आणला, कॉन्फिग पुन्हा लोड केला, सिस्टिम उठवली. जुना क्लायंट आत आला. आमचे टीम लीड, ज्यांना आम्ही नुसतं ‘सर’ म्हणायचो, खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, “चला, झालं एकदाचं. तू जरा पडून घे.” मी दोन तास झोपलेही.

सकाळी नऊला बिलिंगच्या मॅडम आल्या. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेल्या. आमची छापील चाचणी-यादी त्यांनी चाळली आणि बाजूला ठेवली. मग पर्समधून गेल्या महिन्याच्या सहा बिलांचे कागद काढले. “यांची उत्तरं मला माहीत आहेत,” एवढंच म्हणाल्या. नोंदी करायच्या आणि मग उलट नोंदीने रद्द करायच्या असं ठरलं. जुन्या डेस्कटॉपसमोर बसून त्यांनी कामाला सुरुवात केली. पहिली तीन बिलं पैशापर्यंत जुळली. चौथ्यात १,२०० ची सूट द्यायची होती.

“अहो, इकडे या जरा. मी सूट दिली, आणि यांनी बिल वाढवलं.”

बिल १,२०० ने कमी व्हायच्या ऐवजी १,२०० ने वाढलं होतं. पडद्यावर एरर नाही. यूलॉगमध्ये, म्हणजे टक्सीडो जिथे सगळं नोंदवतं त्या रोजच्या फाइलमध्ये, एक ओळसुद्धा वावगी नाही. सेवा यशस्वी, कमिट, म्हणजे नोंद पक्की करणं, तेही यशस्वी. आणि कमिट दोन टप्प्यांचं, अगदी नियमाप्रमाणे झालेलं: बिलिंगच्या डेटाबेसमध्येही १,२०० चढलेले, हिशेबाच्या डेटाबेसमध्येही. टक्सीडोने आमची चूक दोन्हीकडे एकदिलाने नोंदवली होती. एका बाजूला चुकलं असतं तर ताळमेळात तरी सापडलं असतं.

सरांचं निदान तयार होतं. “साइन, उणे चिन्ह, उडतोय. डेस्कटॉप इंटेल, सर्व्हर वेगळ्या प्रोसेसरचे. बाइटचा क्रम उलटा. जुनी आवृत्ती एका पद्धतीने आकडे पाठवते, नवी दुसऱ्या पद्धतीने उलगडते.” ऐकायला पटण्यासारखं होतं. वेगवेगळ्या जातीच्या मशीनमध्ये आकडे जाताना टक्सीडो ते एका सामायिक रूपात बदलतं आणि पलीकडे परत उलगडतं, हे खरंच आहे. आम्ही दीड तास उणे चिन्हाच्या मागे लागलो. मदतीसाठी तिकीट उघडलं. तिकिटात मी ‘आवृत्त्या विसंगत असाव्यात’ असं लिहिलं, आणि परतीचा मार्ग, म्हणजे पुन्हा ६.५, किती वाजेपर्यंत मोकळा आहे याचा हिशेबही मांडला. संध्याकाळी सहा ही शेवटची वेळ होती.

एवढ्यात मॅडमनी आमची वाट न बघता पाचवं बिल घातलं होतं. त्यात ३०० ची लेट फी होती. त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“यात लेट फी लागलीच नाही.”

“म्हणजे वजा झाली?”

“नाही हो. लागलीच नाही. तीनशे गेले कुठे ते मला सांगा.”

तिथे साइनचा सगळा सिद्धांत कोसळला. चिन्ह उडालं असतं तर ३०० चे वजा ३०० झाले असते. नाहीसे कशाला होतील?

माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा आलं की आकडा बिघडत नाहीये, आकड्याचं नाव बदलतंय.

आमचा डेटा एफएमएल-३२ नावाच्या बफरमधून, म्हणजे फील्ड भरून पाठवायच्या पाकिटातून, जायचा. त्याची गंमत अशी की फील्डचं नाव वायरवरून कधीच जात नाही. जातो तो फील्डचा ओळख-आकडा आणि किंमत. कोणतं नाव म्हणजे कोणता क्रमांक हे फील्ड टेबल नावाच्या साध्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिच्यावरून हेडर फाइल बनते आणि प्रोग्रॅम कंपाइल करताना ते क्रमांक त्यात कायमचे भाजले जातात. म्हणजे क्लायंट आणि सर्व्हर दोघांनी एकाच फील्ड टेबलवरून जन्म घेतलेला असला पाहिजे. नसेल, तर टक्सीडोला ते कळायचा मार्ग नाही. त्याच्या दृष्टीने आकडा जिथे निघाला तिथून तसाच पोचला.

बफर जसाच्या तसा छापायची सोय असते. मी एकच विनंती दोन्ही टोकांना छापून घेतली, दोन्हीकडे आपापलं फील्ड टेबल वापरून. क्लायंटच्या बाजूला आलं: ‘रिबेट १२००’. सर्व्हरच्या बाजूला: ‘लेट_फी १२००’. बाकी ओळी तंतोतंत सारख्या.

सर माझ्या खांद्यावरून वाचत होते. काही बोलले नाहीत, खुर्ची ओढून शेजारी बसले.

मग दोन हेडर शेजारी-शेजारी उघडली. जुन्या क्लायंटबरोबर जपून ठेवलेल्या हेडरमध्ये लेट_फीचा क्रमांक २००४१ आणि रिबेटचा २००४२. टेबलातली शेवटची दोन नावं. काल रात्रीच्या बिल्डमध्ये २००४१ वर रीझन_कोड नावाचं नवंच फील्ड होतं, लेट_फी २००४२ वर सरकली होती आणि रिबेट २००४३ वर. तिन्ही ‘लाँग’, म्हणजे पूर्णांक, प्रकारची. हा प्रकार महत्त्वाचा, कारण ओळख-आकड्यात क्रमांकाबरोबर प्रकारही मिसळलेला असतो: लाँगसाठी ३,३५,५४,४३२ मध्ये फील्डचा क्रमांक मिळवायचा. २००४२ चा होतो ३३५७४४७४. त्या जागी एक जरी स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचं फील्ड, असती तर आकडा पार वेगळा झाला असता आणि सर्व्हरला ते फील्ड सापडलंच नसतं. इथे सापडलं, गोड मानून घेतलं. जुन्या क्लायंटची सूट दंडाच्या कप्प्यात पडली. त्याची लेट फी रीझन_कोडच्या कप्प्यात पडली आणि तिथे कोणी बघतच नव्हतं. मॅडमचे तीनशे तिथे होते.

आता प्रश्न होता, काल रात्री फील्ड टेबलला हात कोणी लावला? कोणीच नाही. सोर्सचा इतिहास काढला तर बदल दोन वर्षांपूर्वीचा निघाला. रीझन_कोडचं काम तेव्हा सुरू होऊन मध्येच गुंडाळलं गेलं होतं. ज्याने केलं तो मुलगा कधीच दुसरीकडे गेला होता. ‘संबंधित नावं एकत्र ठेवली’ अशी त्याने टीप लिहिली होती, आणि खरोखर फाइल वाचायला छान दिसत होती. ते सर्व्हर तेव्हापासून कोणी बांधलेच नव्हते. चालत होते ना! आवृत्ती बदलायची म्हणून आम्ही ते सोर्सपासून बांधले आणि दोन वर्षं निजलेला बदल जागा झाला. टेस्टिंगमध्ये दिसला नाही, कारण तिथले सगळे क्लायंट आम्ही त्याच सोर्सवरून नव्याने बांधले होते. पहाटेचा ‘-टी’ सुद्धा त्याच कारणाने निसटला होता. खराखुरा जुना क्लायंट, तीन वर्षांपूर्वी बांधलेला, कोणाच्या तरी टेबलावर धूळ खाणारा, टेस्टिंगमध्ये आम्ही एकदाही लावला नव्हता. त्याची जागा त्या रेघ मारलेल्या पानाने घेतली होती.

इतिहासात बदल करणाऱ्याच्या नावाखाली तपासणाऱ्याचं नाव असतं. तिथे माझं होतं. मला तो बदल आठवतही नव्हता. सरांनी ते वाचलं असणार, त्यांच्या नजरेतून असलं सुटत नाही. “तिकीट बंद कर आधी,” एवढंच म्हणाले. मी बंद केलं. कारणाच्या रकान्यात ‘आमची चूक, आवृत्तीचा संबंध नाही’ असं लिहिताना हात जरा जड झाला.

दुरुस्ती अर्ध्या पानाची होती. लेट_फी आणि रिबेट आपापल्या जुन्या क्रमांकांवर परत, रीझन_कोड शेवटी. मग बाकीची फील्ड टेबलंही जुन्या हेडरशी एकेक ओळ ताडून बघितली. क्रमांक आणखी कुठे सरकलेले नव्हते. हेडर नवी केली, सर्व्हर पुन्हा बांधले. सव्वाचारला सिस्टिम उठली. मॅडमनी चौथं बिल पुन्हा घातलं, मग पाचवं, मग राहिलेलं सहावं. सकाळच्या चुकीच्या नोंदी रद्द करायला गेलो तर तिथेही एक गाठ निघाली: उलट नोंद जुन्या डेस्कटॉपवरून केली असती तर सूट उलटली असती, आणि चढलेला दंड तसाच राहिला असता. शेवटी दोन्ही डेटाबेसमध्ये हाताने दुरुस्त्या घातल्या आणि त्यांवर मॅडमच्या सह्या घेतल्या. सही करण्याआधी प्रत्येक आकडा त्यांनी कॅल्क्युलेटरवर मांडून बघितला.

सोमवारी सगळे जुने डेस्कटॉप नव्या सर्व्हरवर आले. कोणाला काही कळलं नाही. फील्ड टेबलच्या पहिल्या ओळीत मी ‘क्रमांक हलवू नका, नवं नाव फक्त शेवटी’ अशी टीप घातली, आणि दर बिल्डला नवं हेडर जुन्याशी ताडून बघणारी दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली, कारण टीप कोण वाचतं.

रीझन_कोड २००४३ वरच राहिलं. मी तिथून निघेपर्यंत ते एकाही प्रोग्रॅमने वापरलं नव्हतं.