वरचा पाय एकाच दिशेला!

आज दुपारभर क्रॉस स्टिच, म्हणजे फुल्या-फुल्यांचं भरतकाम. १४ काउंटचं (इंचाला १४ चौकटी) आयडा कापड, सहापदरी धाग्यातले दोन पदर. मागचं निळं आभाळ डॅनिश पद्धतीने भरलं, म्हणजे जाताना ओळभर अर्धे टाके आणि परत येताना फुल्या पुऱ्या. पाकळ्यांत मात्र रंग घडीघडी बदलतो, तिथे एकेक फुली जागच्या जागी पूर्ण केलेलीच बरी.

दोन्ही पद्धती एका कापडावर खुशाल चालतात. फक्त फुलीचा वरचा पाय, म्हणजे वर येणारा तिरका टाका, सगळीकडे एकाच दिशेला पडायला हवा. एक जरी उलटी पडली तर तिच्यावर उजेड वेगळा पडतो आणि नजर नेमकी तिथेच अडकते. मी कोपऱ्यात उरलेल्या धाग्याची एक मोठी फुली घालून ठेवते. कापड ताणून धरणारी रिंग कशीही फिरवली तरी दिशा कळते.

ताणाचं मात्र हातावर आहे. ओळीत माझा हात धागा जरा जास्तच ओढतो, सुट्या फुलीत सैल सोडतो. धाग्याला पीळ पडला की सुई खाली लोंबकळत सोडायची, तो आपोआप उलगडतो.

कापडाची मागची बाजू दोन्ही पद्धतींत वेगळी दिसणारच. आमच्या आत्या आधी तीच उलटून बघतात. बघू देत!