तुम्ही विचारलंत म्हणून: वेलिंग्टन वशिल्याचा होता का?

इंग्रज-मराठ्यांच्या असईच्या लढाईचा विषय निघाला की, तिथे इंग्रजांचा सेनापती असलेल्या आणि पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्या वेलिंग्टनबद्दल हा प्रश्न ठरलेला. "उमरावाचा पोरगा, भाऊ गव्हर्नर जनरल. म्हणजे वशिल्याचंच तट्टू ना?"

होय, होता. आर्थर वेलस्ली (हेच त्याचं मूळ नाव, वेलिंग्टन ही पुढची पदवी) १७६९चा, नेपोलियनच्याच वयाचा. बाप आयर्लंडमधला अर्ल, पण घराण्याच्या नावापुढे पैसा तोकडा. त्या काळी इंग्रजी सैन्यात हुद्दे रीतसर विकत मिळायचे, दरसुद्धा ठरलेले. १७८७ला भरती झालेला हा पोरगा १७९३ला लेफ्टनंट कर्नल! तोवर एक लढाई पाहिलेली नाही. पैसे थोरल्या भावाने, रिचर्डने, उसने दिले.

त्याहून वाईट प्रकार टिपूच्या राजधानीचा, श्रीरंगपट्टणचा. १७९९ला किल्ल्यावर चढाई केली डेव्हिड बेअर्डने. टिपूच्या-हैदरच्या कैदेत त्याच गावात वर्षानुवर्षं सडलेला माणूस. शहराचा कारभार मात्र गेला धाकट्या वेलस्लीकडे. रिचर्ड तेव्हा गव्हर्नर जनरल झालेला होता, आणखी काय सांगू?

पण मग २३ सप्टेंबर १८०३ येतो, आणि माझी पंचाईत होते.

केळणा नदीच्या पलीकडे शिंदे-भोसल्यांची प्रचंड फौज, तोफा कवायती पलटणींच्या हाती. वेलस्लीकडे शिस्तीचं सैन्य सातेक हजार. वाटाडे सांगत होते, समोरचा सोडला तर नदीला दुसरा उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा, नाही. याने दुर्बीण लावली. खाली नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. येण्याजाण्याची सोय नसताना माणसं अशी तोंडाला तोंड देऊन गावं वसवतील कशाला? उतार असणारच. आणि निघाला. आपल्याकडच्या कुठल्याही गुराख्याला हे सुचलं असतं, पण लॉर्डाच्या पोराला सुचलं याचं मला अजून नवल वाटतं.

पाण्यात उतरताना त्याच्या शेजारच्या स्वाराचं डोकं तोफगोळ्याने उडवलं. पुढे तोफा ओढणारे बैलच मेले, तेव्हा आपल्या तोफा मागे टाकून पायदळ पुढे रेटावं लागलं. त्याचे मेलेले-जखमी दीड हजारांच्या वर. माझ्या मते हा विजय फार महागाचा, आणि थोडा आडदांडपणाचाही.

बैल, तांदूळ, चारा यांचा हिशेब मात्र तो इथेच पक्का शिकला. पुढे पोर्तुगाल-स्पेनमध्ये सहा वर्षं फ्रेंचांशी झुंजताना तोच कामी आला. फ्रेंच सैन्य गावं लुटून जगत होतं, हा शक्यतो दाम मोजून धान्य घेत होता. नेपोलियनने "(हिंदी) शिपायांचा सेनापती" म्हणून त्याला हिणवलं, ते वॉटर्लूच्या आधीचं.

बेअर्डला केळणेचा उतार दिसला असता का, ते मला विचारू नका. त्याला तिथे पाठवलंच नव्हतं.