रिंगण पुरं झालं की

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवावे असे पत्र आले, तेव्हा मला जुन्या इमारतीचा मागचा व्हरांडा आठवला आणि नववीत असताना त्या व्हरांड्यात माझ्या वडिलांनी रचलेले विटांचे कडे आठवले. ते कडे इतिहासाच्या बाईंमुळे रचले गेले, म्हणून हे मनोगत बाईंविषयीच आहे. इतर शिक्षकांचे ऋण कमी आहे असे मुळीच नाही, पण लिहायला बसले की लेखणी बाईंकडेच वळते. बाई म्हणजे कोण, हे त्या काळी आपल्या शाळेत शिकलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

नववीच्या पुस्तकात युरोपातील प्रबोधनकाळाला जेमतेम दीड-दोन पाने होती. काडेपेटीएवढ्या काळपट चौकोनात मोनालिसा छापलेली होती आणि खाली लिओनार्दो, मायकेलँजेलो, राफेल अशी नावे ओळीने दिलेली होती. दोन तासांत संपावा एवढाच तो मजकूर, पण बाईंनी त्यासाठी जवळजवळ तीन आठवडे घेतले आणि मागे पडलेले धडे शनिवारी शाळा सुटल्यावर जादा तास घेऊन पूर्ण केले. सुरुवातीलाच त्यांनी फळ्यावर १४५३ हा आकडा लिहिला. तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, तेथील ग्रीक विद्वान ग्रंथ घेऊन इटलीत आले आणि प्रबोधनाला आरंभ झाला, हे आम्ही एका सुरात म्हणून दाखवले. मग बाईंनी त्याच्या डावीकडे आणखी तीन आकडे लिहिले. १३४५ साली पेत्रार्का या इटालियन कवीला व्हेरोनामध्ये प्राचीन रोमन वक्ता सिसेरो याची पत्रे सापडली. १३७४ साली पेत्रार्का वारला. १३९७ साली क्रिसोलोरास हा ग्रीक पंडित फ्लॉरेन्समध्ये शिकवायला आला. “आता सांगा, १४५३ च्या आधी हे सगळे घडले असेल, तर आरंभ १४५३ ला कसा झाला?” वर्ग गप्प झाला. पुस्तकातले कारण चूक नाही पण ते एकटे पुरत नाही, एवढेच त्यांना दाखवायचे होते, आणि ते त्यांनी आमच्याच तोंडून काढून घेतले. आमच्या वह्या तपासताना समासात लाल शाईने त्या एकच शब्द लिहीत असत, ‘कशावरून?’ माझ्या वहीत तो शब्द कमीत कमी तीस वेळा आहे.

विचारवंतांविषयी शिकवतानाही त्यांची रीत हीच होती. लोरेन्झो व्हाला या इटालियन विद्वानाचे नाव आमच्या पुस्तकात नव्हते. बाईंनी एके दिवशी जुनाट दिसणाऱ्या कागदावर लिहिलेले एक पत्र वाचून दाखवले. शिवकाळातील एका किल्लेदाराने दुसऱ्याला लिहिलेले ते पत्र असल्याचे सांगून, ते खरे की बनावट हे आम्हाला ठरवायला सांगितले. भाषा जुन्या वळणाची होती, मायना रीतसर होता, मध्ये फारसी शब्द पेरलेले होते. बऱ्याच वेळाने मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “बाई, यात ‘पंधरा मिनिटे’ आहे.” त्या एका शब्दाने पत्र पडले, कारण तो इंग्रजी शब्द शिवकाळातल्या किल्लेदाराच्या लेखणीत येणार कुठून? त्यानंतर बाईंनी सांगितले की सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेकडील राज्याचा अधिकार पोपला दिला, असे सांगणारा एक दस्तऐवज शतकानुशतके प्रमाण मानला जात होता, आणि १४४० साली व्हालाने त्यातील लॅटिन तपासून दाखवून दिले की चौथ्या शतकातल्या माणसाने असे शब्द वापरणे शक्यच नाही. मोठ्या सत्तेपुढे एका भाषेच्या जाणकाराने केवळ शब्दांच्या बळावर उभे राहावे, ही गोष्ट चौदा वर्षांच्या मुलांना व्याख्यान देऊन कळली नसती. ‘मिनिटे’ या शब्दाने ती कळली.

आता त्या व्हरांड्याविषयी. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया देल फिओरे या कॅथेड्रलचे बांधकाम १२९६ साली सुरू झाले. शंभराहून अधिक वर्षांनी भिंती उभ्या राहिल्या, पण वर घुमटासाठी ठेवलेले अष्टकोनी भगदाड सुमारे ४५ मीटर रुंद होते आणि ते जमिनीपासून ५० मीटरांहून अधिक उंचीवर होते. तेवढ्या रुंदीची कमान पेलणारे सेंटरिंग, म्हणजे बांधकाम पक्के होईपर्यंत आधार देणारा लाकडी सांगाडा, खालून उभारायचे तर लाकूड आणायचे कुठून, हा प्रश्न होता. १४१८ साली त्यासाठी स्पर्धा जाहीर झाली. ब्रुनेलेस्की हा मूळचा सोनार. सेंटरिंगशिवाय घुमट बांधीन असे त्याने सांगितले. त्याने अंडे उभे करून दाखवल्याची गोष्ट पुढे कलावंतांची चरित्रे लिहिणाऱ्या वसारीने लिहून ठेवली आहे, पण बाई म्हणाल्या की गोष्ट गोड असली तरी तिच्यावर घुमट उभा राहत नाही. काम १४२० साली सुरू झाले आणि १४३६ साली पूर्ण झाले. एकात एक असे दोन घुमट, सुमारे ४० लाख विटा, आणि आडव्या थरांमधून ठरावीक अंतराने उभ्या बसवलेल्या विटांच्या तिरक्या रांगा. बाईंनी ती रचना फळ्यावर काढली आणि विचारले, “या उभ्या विटा कशासाठी असतील?” कोणालाच उत्तर सुचले नाही. थोडा वेळ वाट पाहून त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुझे वडील गवंडीकाम करतात ना? मला हे नीट सांगता येणार नाही. उद्या त्यांना वर्गावर यायला जमेल का, विचार.”

हे वाक्य ऐकून मला आनंद झाला नाही, हे आज कबूल केले पाहिजे. वडील शाळेची पायरी चढले नव्हते. त्यांच्या बोटांच्या भेगांत चुना आणि सिमेंट कायमचे बसलेले होते, आणि तालुक्याच्या गावातल्या डॉक्टर-वकिलांच्या मुलींसमोर ते फळ्याजवळ उभे राहतील या कल्पनेने मी रात्रभर झोपले नाही. दुसऱ्या दिवशी ते धुतलेले धोतर नेसून आले. हातात थापी, ओळंबा आणि गुंडाळलेली लाइनदोरी होती. बाईंनी स्वतःची खुर्ची पुढे केली आणि म्हणाल्या, “बसा मिस्त्री, आज तुम्ही शिकवायचे आणि मी ऐकायचे.” वडील खुर्चीवर बसले नाहीत. ते फळ्यासमोर उभे राहून ती आकृती बराच वेळ पाहत राहिले आणि मग त्यांनी आम्हा सगळ्यांना व्हरांड्यात नेले.

शाळेच्या कंपाउंडच्या कामासाठी आणलेल्या विटा तिथे पडल्या होत्या. वडिलांनी माती कालवली, दोरीने वर्तुळ आखले आणि आतल्या बाजूला कललेल्या विटांचे एक कडे रचायला घेतले. कललेली वीट हात सोडला की पडणार, म्हणून त्यांनी एकेका मुलाला एकेक वीट धरायला लावली. “हिथं उभी वीट असती तर तुमच्या हाताचं काम तिनं केलं असतं,” ते म्हणाले. फडताळातली पुस्तके पडू नयेत म्हणून कडेला जड काही ठेवतात, तशी ती उभी वीट दोन्ही बाजूंच्या आडव्या विटांना माती सुकेपर्यंत धरून ठेवते. शेवटची वीट त्यांनी थापीने ठोकून बसवली आणि सगळ्यांना हात काढायला सांगितले. कोणीही हात काढेना. मग बाईंनी पहिला हात काढला. कडे जागच्या जागी उभे राहिले.

“आडाचं कडं बांधतो तसंच हाय बाई हे,” वडील म्हणाले, “रिंगण पुरं झालं की पडत न्हाई. अर्धं असतं तवाच भ्या.” विहिरीचे कडे बाहेरच्या मातीचा दाब सोसते आणि घुमटाचा प्रत्येक थर स्वतःचे वजन सोसतो, पण दोन्हीकडे वर्तुळातल्या विटा एकमेकींना आत सरकू देत नाहीत. पुढे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला हे गणिताने शिकवले गेले, तेव्हा सूत्र फळ्यावर लिहून होण्याआधीच मला ते ठाऊक होते. त्या दिवशी बाईंनी वडिलांना सांगितले की ब्रुनेलेस्की गवंड्यांच्या संघाचा सभासद नव्हता आणि त्याने त्यांची वर्गणी भरली नाही, म्हणून १४३४ साली, घुमट अर्ध्याहून अधिक झालेला असताना, त्याला काही दिवस तुरुंगात टाकले होते. वडिलांना ती हकिकत इतकी मनापासून आवडली की पुढे कितीतरी वर्षे ते कामावरच्या माणसांना ती सांगत असत. वर्गात परतल्यावर बाई आम्हाला म्हणाल्या की लिओनार्दोला लॅटिन नीट येत नव्हते आणि तो स्वतःला अक्षरशून्य माणूस म्हणवत असे. माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही, पण ते माझ्यासाठी होते. १४७१ साली व्हेरोक्किओ या शिल्पकाराच्या कार्यशाळेने त्याच घुमटाच्या शिखरावर तांब्याचा गोळा बसवला, तेव्हा लिओनार्दो तिथे उमेदवारी करीत होता, आणि ब्रुनेलेस्कीच्या यंत्रांची चित्रे त्याने आपल्या वहीत काढून ठेवली. सोनार, गवंडी, चितारी आणि पंडित ही माणसे एका गावात एकमेकांचे ऐकू लागली, हे बाईंच्या लेखी प्रबोधनाचे सर्वांत मोठे कारण होते, आणि इतकी वर्षे वाचन करूनही मला ते पटते.

वडील लाइनदोरी शाळेतच विसरून गेले. बाईंनी तिचाही उपयोग करून घेतला. राफेलच्या ‘स्कूल ऑफ अथेन्स’ची एक जुनी रंगीत प्रत त्यांनी भिंतीला लावली, आणि फरशीच्या व कमानींच्या रेषांवरून दोऱ्या ताणायला लावल्या. सगळ्या दोऱ्या मधोमध चालत येणाऱ्या प्लेटो आणि अॅरिस्टॉटल यांच्या दरम्यान एका बिंदूकडे धावल्या. एक वर बोट दाखवतो आहे, दुसऱ्याचा तळवा जमिनीकडे आहे, आणि चित्रकाराने सगळ्या रेषा त्या दोघांच्या वादात आणून सोडल्या आहेत. यथार्थदर्शन, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवण्याची रीत, हा शब्द पाठ करण्याआधी आम्ही ते हाताने ताणून पाहिले होते.

त्याच वर्षी सहल विजापूरला गेली. गोल घुमटात सगळी मुले प्रतिध्वनीसाठी ओरडत असताना बाईंनी आम्हा चारपाच जणींना एकमेकींना छेदणाऱ्या कमानी दाखवल्या आणि चौकोनी इमारतीवर गोल घुमट कसा बसवला ते पाहायला सांगितले. तो १६५६ साली पूर्ण झाला. आतून त्याचा व्यास सुमारे ३८ मीटर आहे. दोन दूरच्या गावांतल्या कारागिरांपुढे एकच अडचण होती, आणि दोघांनी ती निरनिराळ्या वाटेने सोडवली.

मी गेली सव्वीस वर्षे जुन्या दगडी आणि विटांच्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करते. चुन्यात बांधलेले वाडे, पूल, मंदिरांची शिखरे माझ्या हाताखालून गेली आहेत. २०१९ साली फ्लॉरेन्सच्या त्या घुमटाच्या ४६३ पायऱ्या मी चढले. दोन घुमटांच्या मधल्या अरुंद वाटेत गिलाव्याखालच्या विटा उघड्या दिसतात, आणि उभ्या विटांची तिरकी रांग डोळ्यांसमोरून वर जाते. मी तिथे हात लावून उभी राहिले, मागच्या लोकांचा खोळंबा होईपर्यंत. वडील तेव्हा ८१ वर्षांचे होते. फोटो मोठा करून त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “सांधेमोड चोख हाय.” म्हणजे विटांचे उभे सांधे एकावर एक आलेले नाहीत. तोच फोटो घेऊन मी बाईंकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला, फोटो पाहिला आणि विचारले, “दोन उभ्या विटांमध्ये अंतर किती आहे? मोजलेस का?” मी मोजले नव्हते. दोन वर्षांनी बाई गेल्या.

मागचा व्हरांडा आता नाही. नव्या इमारतीसाठी तो पाडला, हे योग्यच झाले असेल, कारण मुलांना वर्गखोल्या हव्यातच. पण आजच्या वेळापत्रकात एका धड्याला तीन आठवडे देणाऱ्या बाईंना कोणी जागा देईल का, हा विचार मला अस्वस्थ करतो. माझ्या भाच्याने प्रबोधनकाळ जोड्या जुळवून आणि रिकाम्या जागा भरून संपवला. त्याला पैकीच्या पैकी गुण आहेत, आणि त्याने अद्याप एकही चित्र दोन मिनिटांपेक्षा अधिक वेळ पाहिलेले नाही.

गेल्या वर्षी कामानिमित्त पुन्हा फ्लॉरेन्सला जाणे झाले, तेव्हा मोजपट्टी सोबत नेली होती. हाताला येतील तेवढी अंतरे मोजली आणि परतल्यावर नववीच्या इतिहासाच्या वहीत, बाईंच्या त्या आकृतीखाली, तारखेसह लिहून ठेवली. ती वही जुबिलीच्या प्रदर्शनासाठी या मनोगतासोबत पाठवत आहे. प्रदर्शन संपल्यावर ती परत मिळावी, ही विनंती.