पॉवरचं बटण दाबलं तरी फोन बंद का होत नाही?

‘बंद करायचं बटण दाबून धरलं की ते गूगल कशाला उघडतंय ओ? बटण बदलून मिळतंय काय?’ बेळगावच्या खडे बाजारापासून निपाणी-खानापूरपर्यंत मोबाइलच्या काउंटरवर हा प्रश्न कायम येतो. विचारणाऱ्याच्या हातातला फोन बहुतेक वेळा ठणठणीत असतो. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो. बटण बदलावं लागत नाही, त्याला दिलेलं काम बदलावं लागतं. पुष्कळदा तेही नाही. किती वेळ दाबल्यावर ‘दाबलं’ म्हणायचं, एवढं बदललं तरी भागतं.

सॅमसंग असेल तर वरून दोनदा खाली ओढा, कोपऱ्यात पॉवरची खूण दिसेल, ती दाबा. फोन बंद करायचा पडदा येतो आणि त्याच पडद्यावर तळाशी ‘साइड बटण सेटिंग्ज’ असं बारीक लिहिलेलं असतं. त्यात ‘दाबून धरल्यावर’ या भागात असिस्टंट (बोलून सांगितलेलं काम करणारा, तुमचं ते ‘गूगल’) काढून ‘पॉवर ऑफ मेन्यू’ निवडा. पिक्सेल किंवा त्याच्यासारखं साधं अँड्रॉइड असेल तर सेटिंग्ज, सिस्टम, जेश्चर, ‘पॉवर बटण दाबून धरा’ असं जा. असिस्टंट ठेवायचाच असेल तर बऱ्याच फोनमध्ये तिथंच किती वेळ धरायचं याची पट्टी असते, ती लांबवा. आयफोनात सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, साइड बटण. तिथं ‘दाबून धरून बोला’ बंद केलं की सिरी, म्हणजे आयफोनचा असिस्टंट, मध्ये येत नाही. तरी होम बटण नसलेला आयफोन बंद करायला साइड बटण आणि आवाजाचं एक बटण मिळूनच धरावं लागतं. नावं फोनगणिक थोडी बदलतात. सापडलं नाही तर सेटिंग्जमधल्या भिंगात ‘पॉवर’ किंवा ‘साइड’ टाइप करा.

सॅमसंगवर काहीही न बदलता साइड आणि आवाज कमी करायचं बटण मिळून धरलं तरी बंद करायचा पडदा येतो. पण ती जोडी झटकन दाबून सोडली की स्क्रीनशॉट निघतो. एखाद्याच्या गॅलरीत घड्याळाचेच चाळीस फोटो दिसले तर समजावं, गडी फोन बंद करायला बघत होता. आणि फोन पार गोठला असेल तर हीच जोडी सात सेकंदांहून जास्त धरा, तो स्वतःच पुन्हा सुरू होतो.

एकटं पॉवरचं बटण पटापट पाचदा दाबलं की अँड्रॉइड 12 पासूनच्या बऱ्याच फोनांत आपत्कालीन कॉल लागतो, आपल्याकडे 112. शर्टाच्या खिशात किंवा लहान पोराच्या हातात हे सहज घडतं. सेटिंग्जमध्ये ‘सुरक्षा आणि आपत्कालीन’ इथं ‘इमर्जन्सी एसओएस’ आहे. माझं ऐकाल तर ते बंद करू नका. कॉल जाण्याआधी वाजणारा काउंटडाउनचा आवाज तेवढा सुरू ठेवा, चुकून दाबलं तर थांबवता येतं. कीपॅडच्या साध्या फोनात 5 किंवा 9 दाबून धरलं की असा कॉल जावा, हा केंद्र सरकारचा 2016 चा नियम आहे. म्हणून आजोबांच्या फोनवर मुलाचा नंबर स्पीड डायलला लावताना 2, 3, 4 वर लावा. 5 वर लावून ‘लागत नाही ओ’ म्हणत बसण्यात अर्थ नाही.

दुसरी हमखास तक्रार म्हणजे ‘फोन आपोआप बोलायलाय आणि काही उघडंना’. आवाजाची दोन्ही बटणं एकदम तीन सेकंद दाबली गेली की बऱ्याच फोनांत टॉकबॅक सुरू होतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीची ही सोय आहे, बिघाड नाही. मग एका बोटानं स्पर्श केला की फोन फक्त नाव वाचतो, हिरवी चौकट दिसते आणि पुढं काही होत नाही. उघडायचं असेल तर आधी एकदा स्पर्श करून निवडायचं, मग दोनदा टॅप करायचं. वर-खाली सरकवायला, लॉक उघडायलासुद्धा दोन बोटं लागतात. उपाय सोपा आहे: तीच दोन बटणं पुन्हा तीन सेकंद धरा. त्यानंतर अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन तो शॉर्टकट टॉकबॅकवरून काढा आणि घरात वयस्क माणूस असेल तर तिथं मॅग्निफिकेशन लावा. दोन्ही बटणं धरली की पडदा मोठा होतो. गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो काढून वाचणाऱ्यांना ते फार उपयोगी पडतं.

आता वेळेबद्दल. निपाणी भागात विडी वळणाऱ्या बायकांची, उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्यांची बोटं कोरडी आणि घट्टे पडलेली असतात. टच स्क्रीन बोटाचा दाब मोजत नाही. बोट जवळ आलं की काचेखालच्या विद्युतभारात जो किंचित फरक पडतो, तो ती मोजते. कातडी जाड आणि कोरडी असली की तो फरक कमी पडतो, म्हणून माणूस आणखी जोरात आणि जास्त वेळ दाबतो. आणि जास्त वेळ दाबलं की फोनला वाटतं ‘दाबून धरलं’. मग आयकॉन हलायला लागतात, मेसेज उघडायच्या जागी सिलेक्ट होतो. यावर दोन गोष्टी करा. सॅमसंगवर डिस्प्लेमध्ये ‘टच सेन्सिटिव्हिटी’ सुरू करा. ती स्क्रीन गार्डसाठी दिलेली आहे, पण अशा बोटांनाही चालते. मग अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘टच अँड होल्ड डिले’ हा लघु असतो (सॅमसंगवर अर्धा सेकंद), तो मध्यम किंवा दीर्घ करा. साध्या अँड्रॉइडवर हाच पर्याय ‘टायमिंग कंट्रोल्स’मध्ये मिळतो. विणलेले साधे हातमोजे घातले असतील तर मात्र यातलं काही कामाचं नाही, मोजा काढावाच लागतो.

हात थरथरत असेल तर एकाच जागी दोन-तीनदा टॅप पडतं. त्यासाठी सॅमसंगवर ‘इग्नोर रिपीटेड टचेस’ आहे. आयफोनवर अ‍ॅक्सेसिबिलिटी, टच, ‘टच अकॉमोडेशन्स’मध्ये ‘इग्नोर रिपीट’ मिळेल. सुरुवात 0.3 सेकंदाच्या आसपास करा. उत्साहानं एक सेकंद लावलात तर नंबर टाइप करताना 9900 मधला दुसरा 9 आणि दुसरा 0 गिळला जाईल आणि यूपीआयचा पिन चुकत राहील. लावल्यावर तिथल्या तिथं आपलाच नंबर टाइप करून बघा.

कॉल उचलताना बोट सरकवणं अनेकांना जमत नाही. सॅमसंगच्या फोन अ‍ॅपमध्ये तीन टिंबं, सेटिंग्ज, ‘कॉल उचलणे आणि संपवणे’ इथं आवाज वाढवायच्या बटणानं उचलायची आणि साइड बटणानं ठेवायची सोय आहे. पहिली जरूर लावा, पण त्या माणसाला सांगा की देवळात रिंग गप्प करायची असेल तर आता खालचं बटण, वरचं नाही. दुसरी विचार करून लावा. स्पीकरवर बोलता बोलता पडदा बंद करायला बटण दाबायची सवय असली की दर वेळी कॉल तुटतो आणि दोष नेटवर्कला जातो.

ज्यात सेटिंगचा काही संबंध नाही अशाही दोन तक्रारी आहेत. जून लागला की जांबोटी-कणकुंबीच्या पावसात स्क्रीनवरचा थेंब हासुद्धा फोनला बोटच वाटतो. काच पुसा, दुसरा उपाय नाही. आणि चार्जिंगला लावल्यावरच टच वेडा होत असेल, आपोआप अक्षरं उमटत असतील, तर चार्जरमधून येणारा विद्युत गोंगाट टचच्या मोजमापात मिसळतोय. दुसरा चांगला चार्जर लावून बघा. तेवढ्यासाठी डिस्प्ले बदलू नका.

कानातल्या वायरलेस बड्सचंही मूळ तेच. हेल्मेटचं अस्तर, ओला केस, कानटोपी, काहीही घासलं की गाणं थांबतं नाही तर कॉल कटतो. कंपनीचं अ‍ॅप घ्या, टच कंट्रोलमध्ये ‘एक टॅप’ बंद करा, दोनदा टॅप आणि दाबून धरणं ठेवा. बड नीट बसवताना बोट एकदाच लागतं, दोनदा मुद्दामच लागतं. बऱ्याच बड्समध्ये हे सेटिंग बडमध्येच साठतं, त्यामुळं दुसऱ्या फोनला जोडलं तरी टिकतं, पण रिसेट केलं की जातं. अ‍ॅपच नसलेले स्वस्तातले बड्स असतील तर बदलायला काही नाही. दुचाकीवर वापरायचे असतील तर खरोखर दाबलं जाणारं बटण असलेलेच घ्या. इंडक्शन शेगडीलाही हाच न्याय लावा. गुळगुळीत टच पॅनेलवर भाताची पेज उतू गेली की ती गोंधळते, दाबायच्या बटणांची त्या मानानं शहाणी असते.

प्ले स्टोअरवर ‘बटण मॅपर’सारखी अ‍ॅप्स मिळतात, आवाजाच्या बटणानं टॉर्च लावायला वगैरे. चालतात ती. पण ती अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात, आणि त्या परवानगीत पडद्यावरचं वाचता येतं. काही बँकांची अ‍ॅप्स ते पाहून उघडतच नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी पाठवलेल्या फाइलमधून असलं अ‍ॅप तर अजिबात नको. टॉर्चसाठी आयफोनवर वेगळं अ‍ॅप लागतच नाही: 8 पासून पुढच्या फोनांत अ‍ॅक्सेसिबिलिटी, टच, ‘बॅक टॅप’, पाठीवर दोनदा किंवा तीनदा टकटक. तीनदाच लावा, दोनदाचं फोन टेबलावर ठेवतानाही लागतं.

राहिला कीबोर्ड. आपल्याकडं मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही लागतात आणि जीबोर्डवरचं (गूगलच्या कीबोर्डवरचं) ग्लोबचं बटण दाबत गेलं की हवी ती भाषा नेमकी पुढं निघून जाते. स्पेसबार दाबून धरा, भाषांची यादी येते, थेट निवडा. मग भाषांच्या सेटिंगमध्ये एकदा डोकवा. मराठीचे दोन लेआउट सुरू असतील, एक थेट देवनागरी आणि दुसरा इंग्रजी अक्षरांतून मराठी करणारा, तर जो वापरत नाही तो काढून टाका. दर फेरीला ग्लोबचा एक दाब वाचतो.